टेटबाईंचा पंधरवडा

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्टडार्गीत डॉक्टर ग्रिझेल टेट आपल्याला आवडतात असं कोणी म्हणत नाही. त्यांचं नाव निघालं की लोक "हां, टेटबाई," एवढंच म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. आमच्याकडे याहून मोठा मान कोणाला मिळत नाही. मागच्या पाद्रीबुवांना एवढाही मिळाला नव्हता.

मी वॉल्टर स्लेटर. शोअर स्ट्रीटवर माझं औषधाचं दुकान आहे. त्याआधी ते माझ्या वडिलांचं होतं. बाईंनी लिहायचं आणि मी द्यायचं, असं आमचं सत्तावीस वर्षं चाललं. बाई आल्या तेव्हा त्या साध्या डॉक्टर होत्या. सर्दी, खोकला, गुडघे, मासे कापताना तुटलेली बोटं. पण त्या काळात बोटींवर पैसा चिक्कार होता. दहा दिवसांच्या फेरीवरून परतलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या खिशात रोकड असायची आणि ती उडवायला गावात होते दोन दारूचे गुत्ते, आणि हेरॉइन. पहिल्याच हिवाळ्यात बाईंना पोरगा गेल्याचं सांगायला चार आयांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं. वसंत ऋतू आला तसं त्यांनी सर्दी-खोकला जोडीदार डॉक्टरांकडे ढकलला. "सर्दी आपोआप बरी होते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या व्यसनाच्या डॉक्टर झाल्या.

उंची पावणेसहा फूट, अंगात बाराही महिने कोळ्यांचा पिवळा मेणकोट. लग्न केलं नाही; का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. रोगी समोर बसून बोलत असताना बाई टेबलाशी बटरी, म्हणजे आमच्याकडचा चपटा खारा पाव, खात बसायच्या. रोग्याला वाटायचं, बाईंचं लक्ष पावाकडे आहे, आणि तो खरं बोलून जायचा. अर्धी बटरी मोडून त्याच्यापुढे सरकवली की समजायचं, आज तो खोटं बोललेला आहे आणि ते बाईंना कळलेलं आहे.

उपचार म्हणाल तर मुख्य औषध मेथाडोन. हिरवं, चिकट, पेल्यात ओतून रोज एकदा प्यायचं. ते घेतलं की हेरॉइनसाठी जीव कासावीस होत नाही, माणूस कामधंदा करू शकतो. गोम एवढीच की ते रोजच्या रोज घ्यावं लागतं. सलग तीन दिवस चुकले तर शरीराची सवय मोडते आणि मग नेहमीचाच पेला जीव घेऊ शकतो. म्हणून तीन दिवस चुकलेल्याला चौथ्या दिवशी मी औषध देत नाही. त्यानं परत बाईंकडे जायचं, आणि थेंबाथेंबानं पहिल्यापासून चढायचं. मधले दिवस तो कसे काढतो ते तो जाणे.

शिवाय प्यायचं ते माझ्या डोळ्यांसमोर. इतर गावांत जुन्या रोग्यांना बाटली घरी देतात. टेटबाई देत नसत. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी एकाला दिली होती. त्यानं ती खिडकीत ठेवली, आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलीनं ती सरबत समजून प्यायली. मुलगी गेली. त्यानंतर ज्या घरात मूल आहे, किंवा येण्याचा संभव आहे, त्या घरात बाईंनी एक थेंब जाऊ दिला नाही. पोर्टडार्गीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात मूल आहे, किंवा येण्याचा संभव आहे. त्यामुळे सगळे माझ्या खिडकीवर.

ही खिडकी दुकानाच्या कुशीला, गल्लीत उघडते. वडील तिथून घोड्यांचं मलम विकत. सोमवार ते शनिवार सव्वानऊ ते अकरा, रविवारी दहा ते साडेदहा. मी चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक असूनही रविवारची खिडकी उघडतो, याबद्दल माझं मला कौतुक होतं. अकरा वाजले की लोखंडी झडप खाली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आमचं गाव भरती-ओहोटीवर चालतं. सहाची भरती सहालाच का, असं कोणी समुद्राला विचारत नाही, आणि अकराची झडप अकरालाच का, असं मलाही कोणी विचारलं नव्हतं.

आता पंधरवड्याबद्दल.

बाईंची कीर्ती झाली तशी शिकाऊ डॉक्टरांना त्यांच्याकडे सहा-सहा महिने पाठवू लागले. एकोणीस वर्षांपूर्वी असाच एक हुशार पोरगा आला होता. रोगी बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "याला बरं व्हायची इच्छाच दिसत नाही. आठवड्यात दोनदा चुकला."

बाईंनी बटरी खाली ठेवली. म्हणाल्या, "तुला आहे का इच्छा?"

"कसली?"

"बघू."

त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "वॉल्टर, कडूत कडू काय आहे तुझ्याकडे? विषारी नको. नुसतं कडू."

मी जंतियनचं मूळ उकळून काढा करून दिला आणि खायचा हिरवा रंग टाकून तो मेथाडोनसारखा दिसेल असा केला. बाईंनी चाखला. त्यांच्या तोंडाचा जो काही आकार झाला तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. म्हणाल्या, "झकास!"

तेव्हापासून नियम झाला. जो कोणी शिकायला येईल त्यानं चौदा दिवस रोज माझ्या खिडकीवर, रोग्यांच्याच रांगेत उभं राहायचं. पेला माझ्यासमोर संपवायचा, वर पाणी प्यायचं, आणि मग काहीतरी बोलायचं, म्हणजे तोंडात धरून ठेवलेलं नाही याची मला खात्री. डॉक्टर आहे म्हणून पुढे घुसायचं नाही. अकरानंतर आलात तर त्या दिवसाचं गेलं. तीन दिवस सलग गेले की पुन्हा पहिला दिवस. चौदा भरल्याशिवाय बाई प्रमाणपत्रावर सही करत नसत.

एकोणीस वर्षांत तीस डॉक्टर आले. पहिल्या झटक्यात चौदा दिवस भरलेले नऊ. बाकीचे शिकलेसवरलेले, पगारदार, मोटारवाले लोक, त्यांना रोज एका ठरल्या वेळी एका खिडकीवर येणं जमलं नाही. एकाच्या घड्याळाचा गजर वाजला नाही. एकीला रांगेत आपली शाळेतली मैत्रीण दिसली आणि ती तोंड चुकवून परत गेली. एकानं मला दहा पौंडांची नोट दाखवली. मी ती बाईंकडे पाठवली, त्यांनी ती त्याला परत केली आणि त्याला पहिल्या दिवसावर नेऊन बसवलं. पण हे तिसाच्या तीस जण नंतर कधी "इच्छाच दिसत नाही" म्हणाले नाहीत, हे मला ठाऊक आहे. ते गेले स्कॉटलंडभर, आणि जाताना पंधरवडाही घेऊन गेले. झडपेसकट. ते पुढे येईलच.

मागच्या जानेवारीत एकतिसावा आला, डॉक्टर निनियन रे. एडिनबरोचा, वय एकोणतीस, गळ्यात लोकरीचा तांबडा गळपट्टा. बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी यालाच ठेवायचा विचार चालला होता. पोरगा चलाख होता. पहिले सहा दिवस वेळेवर आला, पेला रिकामा करून "लोकहो, नमस्कार!" म्हणायचा. रांगेतले लोक त्याच्याकडे बघायचे, बोलायचे नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी त्याला शहरात बैठक होती. नवव्या दिवशी, शनिवारी, तो धावत आला तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. माझी झडप अर्धी खाली आली होती.

"स्लेटर, थांबा! मी आलोय!"

"चार मिनिटं झाली."

"अहो, पण मी दिसतोय ना तुम्हाला? समोर उभा आहे मी! डॉक्टर आहे मी!"

"या खिडकीत नाही," मी म्हणालो आणि झडप ओढली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

तो तसाच टेकडीवर, बाईंच्या दवाखान्यात गेला. तिथं काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. आधी त्यानं आदळआपट केली. मग एकदम शांत होऊन त्यानं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही केलाय का हो हा पंधरवडा कधी?"

बाई बटरी खायच्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, टेटबाई माझ्या खिडकीच्या रांगेत सातव्या उभ्या होत्या. पिवळा मेणकोट, हात मागे. रस्त्यापलीकडून चर्चला निघालेलं अर्धं गाव चाललं होतं. पाद्रीबाईंनी हात हलवला, मग रांग कसली आहे ते लक्षात येऊन हात खाली घेतला. बाईंनी मान डोलावली. पाळी आल्यावर त्यांनी पेला संपवला, पाणी प्यायल्या. "काही बोला," मी म्हणालो. नियम तो नियम.

"फार वाईट आहे हे," बाई म्हणाल्या.

सोमवारी आल्या. मंगळवारी आल्या. मंगळवारी त्यांच्यापुढे चार्लीन मेअर उभी होती.

चार्लीन अडतीसची. नऊ वर्षं माझ्या खिडकीवर, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मेथाडोनशिवाय दुसरं काही नाही. तिची मुलगी शोना, तेरा वर्षांची, पलीकडच्या गावी आजीकडे वाढत होती. मुलांच्या खात्यातल्या बाईंनी चार्लीनला सांगितलं होतं की सहा महिने सलग नोकरी टिकवून दाखव, मग शोनाला घरी आणू. आणि पोर्टडार्गीत नऊ वर्षं मेथाडोन पिणाऱ्या बाईला नोकरी देणारं कोण? पण तिला मिळाली. गावाबाहेरच्या मासळीच्या कारखान्यात, हॅडक सोलायची. पुढच्या सोमवारपासून. सकाळी सहा ते दुपारी दोन.

तिनं पेला संपवला आणि म्हणाली, "स्लेटरसाहेब, सोमवारपासून मला सकाळी साडेपाचला द्याल का?"

"साडेपाचला दुकान बंद असतं, पोरी."

"मग दुपारी अडीचला?"

"खिडकी अकराला बंद होते. तुला माहीत आहे. डॉक्टरांकडे बाटली माग."

"मागितली. शोना घरी येणार म्हणून त्या नाही म्हणाल्या. विचारा ना, मागेच उभ्या आहेत."

"नाही म्हणाले," मागून बाई म्हणाल्या. "नाहीच म्हणणार."

चार्लीन वळली. "मग मी काय करू? पोरगी आणायला नोकरी पाहिजे. नोकरीला जायचं तर औषध चुकतं. औषध घ्यायचं तर नोकरी जाते. आणि नोकरीला जायचं नाही तर पोरगी आजीकडेच म्हातारी होणार. तुम्ही दोघं जरा एका जागी बसून ठरवाल का?"

"वेळ वॉल्टरच्या हातात नाही गं," बाई म्हणाल्या. "वरून ठरलेली आहे. मी बघते, कुणाला लिहायचं ते."

आता इथं मी बोलायला हवं होतं. वेळ वरून वगैरे काही ठरलेली नव्हती. ती मी ठरवली होती. पण बाई एकोणीस वर्षं तसं समजत होत्या. मी कधी तसं सांगितलं नव्हतं, आणि तसं नाही हेही कधी सांगितलं नव्हतं. मी बाईंचा पेला भरला आणि पुढे सरकवला.

"मी तर जाणारच आहे सोमवारी," जाता जाता चार्लीन म्हणाली. "औषधाशिवाय. बघू किती दिवस काढता येतात."

किती दिवस काढता येतात ते आम्हां तिघांनाही चांगलं माहीत होतं. तीन. चौथ्या दिवशी माणूस बंदरावर जाऊन कोणाला तरी भेटतो, आणि सवय मोडलेल्या शरीरात जुन्या मापानं घेतो.

बुधवार, गुरुवार बाई वेळेवर आल्या. चार्लीनही आली. तोंड रिकामं आहे हे दाखवायला ती "सोमवार" एवढंच म्हणाली. दोन्ही दिवस.

शुक्रवारी अकरापर्यंत बाई आल्या नाहीत. मी झडपेला हात घातला, निम्मी आणली, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पिवळा कोट दिसला. बाई धावत होत्या. सहासष्ट वर्षांची बाई बर्फाळ गल्लीतून धावताना बघवत नाही. खिडकीशी येऊन त्यांनी कठड्याला धरलं. अकरा वाजून तीन मिनिटं.

"फोनवर होते," दम खात त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं. आरोग्य खात्यातल्या सहा जणांशी बोलले. वॉल्टर, ते म्हणतात, अकराचा असा काही नियमच नाही. दुकानदारानं आपल्या सोयीनं ठरवायचं असतं."

मी झडप तशीच निम्मी धरून होतो.

"अकरा का, वॉल्टर?"

बाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रोग्याला विचारतात तशा विचारत होत्या, खरोखर माहीत नसल्यासारख्या. हातात बटरी तेवढी नव्हती.

"अकरानंतर गिऱ्हाइकं येतात," मी म्हणालो.

"मग रांगेतले कोण आहेत?"

"चर्चमधल्या सकाळच्या कॉफीवरून बायका येतात. रक्तदाबाच्या गोळ्या, हातांना लावायचं मलम. त्यांना रांग दिसायला नको म्हणून... वडिलांच्या वेळचं दुकान आहे हे, डॉक्टर. आणि अकराला नेटा कॉफी टाकते."

नेटा माझी बायको. ती आत कपबशा काढत होती. तो आवाज दोघांनीही ऐकला.

"बरं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी तीस डॉक्टरांना शिकवलं की औषधाची खिडकी अकराला बंद होते. भरती-ओहोटी शिकवावी तसं शिकवलं. मला पत्रं येतात त्यांची. तीन गावांत त्यांनी औषधवाल्याला सांगून खिडकी अकराला बंद करवली आहे. शिस्त म्हणून."

म्हणजे स्कॉटलंडमधल्या तीन गावांत माणसं अकराच्या ठोक्याला परत जात होती, कारण पोर्टडार्गीत नेटा स्लेटर कॉफी टाकत होती. हे मनात आल्यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माझा काढा?" बाईंनी विचारलं.

"अकरा वाजून गेले," मी म्हणालो. तोंडातून गेलं, सवयीनं.

बाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाल्या आणि परत गेल्या. मी झडप ओढली. ती कॉफी मला गेली नाही. नेटानं काय झालं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यावर काय ढकलतोस? मी नऊला टाकीन कॉफी. मला कधी विचारलंस?" तेही खरंच होतं. तीस वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं.

शनिवारी, रविवारी खिडकी नेहमीसारखी चालली. चार्लीन दोन्ही दिवस आली, प्यायली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगायचं ते माझं ठरलं नव्हतं, आणि ठरलं तेव्हा रविवारची रात्र झाली होती आणि तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. नऊ वर्षं रोज भेटणाऱ्या बाईचा.

सोमवारी पाच वाजता उठलो, सव्वापाचला दुकान उघडलं, कपाटाचं कुलूप काढलं, चार्लीनचा पेला भरला, गल्लीतली झडप वर केली, आणि उभा राहिलो. बाहेर गारा पडत होत्या. मग माझ्या लक्षात आलं की खिडकी साडेपाचला उघडी आहे हे जगात फक्त मला माहीत आहे. असं शहाणपण आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे.

पाच चाळीसला गल्लीच्या तोंडाशी पांढरे गमबूट दिसले. चार्लीन बसच्या थांब्याकडे चालली होती, टोपी पुढे ओढून. तिनं इकडे बघितलं नाही. का बघेल?

शोअर स्ट्रीटवर मी जन्मात आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. "चार्लीन!" मग आणखी मोठ्यानं, "चार्लीन मेअर!" समोर वरच्या मजल्यावर दिवा लागला.

ती थांबली. गल्लीत आली, खिडकीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अंगात माझा रात्रीचा सदरा होता, वर पांढरा डगला. तिनं पेला उचलला, संपवला, पाणी प्यायली.

"काही बोल," मी म्हणालो.

"बस जाईल माझी," ती म्हणाली आणि पळाली.

पुढचं सांगून टाकतो. तिची नोकरी टिकली. ऑगस्टमध्ये शोना घरी आली. खिडकी आता साडेपाचला उघडते आणि संध्याकाळी सहापर्यंत कधीही आलं तरी चालतं. पहाटेच्या रांगेत अकरा जण असतात, म्हणजे इतके दिवस अकरा जण नोकरी नाही तर औषध यातलं एक सोडत होते. चर्चच्या बायकांना रांग दिसते. एकीनं दुकान बदललं. निनियनचा पंधरवडा तिसऱ्या खेपेला पुरा झाला आणि बाईंच्या खुर्चीत आता तो बसतो. बाईंनी आपला चौदाव्या दिवशी पुरा केला, मधला एक शुक्रवार सोडून. त्याबद्दल त्यांनी एक दिवस जास्तीचा उभं राहून दिला. कोणी मागितला नव्हता.

पण त्या सोमवारी, सकाळची रांग संपल्यावर, दुकान नेटावर सोपवून मी टेकडी चढून बाईंकडे गेलो. त्यांनी मला पन्नास मिनिटं बाहेर बसवलं, कारण माझ्याआधी पाच जण आलेले होते. आत गेल्यावर सकाळचं सांगितलं. "बरं," बाई म्हणाल्या. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्या सगळ्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसल्या होत्या. मी तुम्हाला एकोणीस वर्षं एक गोष्ट चुकीची शिकवली, अशी सुरुवात होती. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"अकरा का, ते तू तुझ्या हातानं लिही. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

मी लिहिलं: वेळ मी ठरवली, कोणी सांगितली नव्हती. अकरानंतरच्या गिऱ्हाइकांना रांग दिसू नये आणि मला बायकोबरोबर कॉफी घेता यावी, एवढंच कारण होतं. लिहून झालं. बाईंनी कागदाकडे हात केला. मी दिला नाही. आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी नेटालाही कधी सांगितलेली नव्हती.

मी खाली लिहिलं: आठ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात जॉन वॉट अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. त्याचा तिसरा दिवस होता, बोट वादळात अडकली होती. त्यानं झडप तीनदा वाजवली. तो जॉन आहे हे मला खोकल्यावरून कळलं. मी आत होतो, कप माझ्या हातात होता. मी उठलो नाही.

जॉन वॉट त्यानंतर दोन दिवसांनी जाळ्यांच्या गोदामात सापडला. सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या आईला सांगायला बाईच गेल्या होत्या. आणि येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला त्या त्याचंच उदाहरण देत: सगळं नीट चाललं होतं, तिसऱ्या दिवशी आला नाही, का ते कोणालाच कळलं नाही.

बाईंनी कागद वाचला. लहानपणी मास्तरांपुढे राहायचो तसा मी उठून उभा राहिलो. मला वाईट वाटत होतं, आणि नुसतं वाईट वाटून काही उपयोग नाही हेही कळत होतं.

"तीनदा?" बाईंनी विचारलं.

"तीनदा."

"आला होता तर." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्याच्या आईला मी सांगितलं, तो आलाच नाही म्हणून. आठ वर्षं ती म्हणते, माझ्या जॉननं प्रयत्नच केला नाही."

बाहेर कोणीतरी खोकलं, पुढचा रोगी वाट बघत होता.

"बत्तीस प्रती काढ," बाई म्हणाल्या. "एकतीस या डॉक्टरांना. बत्तिसावी तू स्वतः नेऊन दे. आजच."

दुपारी दोन वाजता मी जॉनच्या आईच्या दारावर एकदा टकटक केली. तिनं लगेच उघडलं. हातातल्या कागदाकडे तिचं लक्षही गेलं नाही. "वॉल्टर?" ती म्हणाली. "ये ना आत, बाहेर किती गारठा आहे."